फळीवरचा चुन्याचा डबा

मित्रांनो, चुन्याच्या जुन्या डब्याला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटते. तरी सांगून पाहतो.

शहागंजातल्या एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून मला बनवले. शफीभाईंनी मला चिकलठाण्यात, आपल्या पानटपरीच्या बाहेरच्या फळीवर ठेवले. पानाला लावायचा चुना आत असे. माझ्यातला चुना मात्र खिशात तंबाखू असलेल्या कुणासाठीही होता. कारखान्यातले कामगार येत, बोटावर चुना घेत आणि तळहातावर तंबाखू मळत. घरच्यांनी धाडलेली शाळकरी मुलेही कागदावर चुना नेत. त्याचे पैसे नसत. चुन्यासाठी कुणाला माघारी पाठवायचे नाही, हा शफीभाईंचा नियम होता. लोक त्यांना दिलदार म्हणत, आणि मी फुलून जाई.

शफीभाईंच्या मागे त्यांचा मुलगा फारूख टपरीवर बसू लागला. मग सरकारचा कायदा आला: शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. माणसे टेप घेऊन आली आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारून गेली. आमची टपरी रेघेच्या आत सापडली. पुन्हा इथे तंबाखू दिसली तर टपरी उचलू, असे त्यांच्या साहेबांनी बजावले. फारूखने त्याच दिवशी पुड्या आणि सिगारेटी काढल्या. बिस्किटे, वह्या, लिंबूसोडा मांडला. मला मात्र त्याने हलवले नाही.

लोक तंबाखू दुसरीकडून आणू लागले आणि मळायला आमच्याकडेच थांबू लागले. टपरीपुढे पुन्हा रिकाम्या पुड्या साचल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाबाईंनी एका सकाळी त्या झाडून फारूखपुढेच ढीग लावला.

"मावशी, कायद्यानं इकणं बंद केलंय," फारूख म्हणाला. "मी तर फुकट देतो."

"व्हय रे दिलदारा. पोरं हितं उभी राहून तेच बघत्यात. उद्या साहेब आला तर ह्यो ढीग बघंल, का तुझं मन बघंल?"

फारूखने तो ढीग भरून टाकला. मग त्याने मला उचलले, धुतले आणि आत पालथे घातले.

थोड्या वेळाने मुंजाबा आले. ते कारखान्याच्या गेटवरचे वॉचमन, शफीभाईंचे जुने गिऱ्हाईक. त्यांचे बोट सवयीने फळीवर गेले.

"चुना कुठंय रं?"

"चुना मिळणार नाय, काका."

"तुझ्या बापानं कधी मागं फिरवलं नाय मला."

"अब्बाच्या वक्ताला ही रेघ नव्हती. मला टपरी हितंच ठेवायचीय."

मुंजाबा पुटपुटत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. पहिल्या दिवशी फारूखचा आवाज कापला होता. दुसऱ्या दिवशी कापला नाही. पुढे साहेब तपासणीला आले, टपरीपुढची स्वच्छ जागा पाहून लिंबूसोडा प्यायले आणि गेले.

मित्रांनो, घरातल्या कुणी तुम्हाला चुना आणायला पाठवले, तर जाऊ नका. आजोबा रागावतील, रागावू द्या. त्यांच्यासमोर उभे राहून सांगा, आणणार नाही. आवाज कापला तरी चालेल.