गुरुवारी दहाचं तीर्थ

गुरुवार उजाडला की राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत ऑटो शिरणं बंद व्हायचं. फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि सोयराअक्कांच्या देवघरापासून थेट रस्त्यापर्यंत रांग लागायची. हातांत पितळेच्या वाट्या, स्टीलचे पेले, औषधाच्या धुतलेल्या बाटल्या. सगळ्यांच्या माना वर, छताकडे.

दहा वाजून पाच मिनिटांनी छतावरच्या ओल्या डागातून एक थेंब लोंबायला लागे आणि खाली दत्ताच्या तसबिरीवर टपकन पडे. मग दुसरा, मग बारीक धार. पाण्याला सुवास होता, फेस होता. डागाच्या कडेनं एक तांबडा ओघळही उतरला होता.

"दत्त दत्त!" गुंडोस्वामी गर्जत. "वास घ्या! कशाचा? चाफ्याचा! फेस कशाचा? क्षीरसागराचा! आणि हा तांबडा ओघळ? अनसूयामातेच्या कपाळीचं कुंकू! ढकलू नका, स्वल्प स्वल्प घ्या. महाराज पुढच्या गुरुवारीही येणार आहेत, बरोब्बर दहाला!"

महाराजांचं वेळापत्रक गुंडोला कसं ठाऊक, हे कुणी विचारत नव्हतं. मला विचारता आलं असतं. पण त्या वेळी मी बरोबर वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनमध्ये कपडे धूत असायचो.

ही १९९६ सालची गोष्ट. मी अजित, मूळचा पुण्याचा, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. विजेच्या टंचाईमुळे आमच्या कारखान्याला रविवारबरोबर गुरुवारचीही सुट्टी असे. विश्वासराव आणि सोयराबाई हे आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडचंच, कानडी मुलखातलं, पण घरात बोलणं मराठीच. मराठी माणूस म्हणून त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, स्मिताला, वरचा मजला आनंदानं दिला. अट एकच घातली.

"मागच्या खोलीत पाणी सांडायचं नाही आणि फरशी फोडायची नाही," अण्णा म्हणाले होते. "खाली देव आहेत. सरी?"

"सरी, अण्णा," मीही कानडीत 'बरं' म्हणून टाकलं होतं.

आणि मशीन आणल्यावर तिसऱ्याच दिवशी, अण्णा-अक्का म्हैसूरला लग्नाला गेलेले पाहून, मी त्याच खोलीची फरशी फोडली. बाथरूममध्ये मशीन मावत नव्हतं. फरशीखालून एक पाइप नेऊन बाहेरच्या पन्हाळीला जोडला, वर सिमेंट फासलं. प्लंबरला बोलावलं नाही. इंजिनिअर होतो ना!

त्या पाइपचा जोड सुटला. फरशीखाली साबणाचं पाणी साचलं आणि स्लॅबमधून वाट काढून देवघरात उतरलं. पहिल्या गुरुवारी अक्कांची हाक ऐकून मी खाली धावलो आणि एका नजरेत सगळं समजलो. वास आमच्या धुण्याच्या पावडरचा होता. तांबडा ओघळ स्लॅबमधल्या गंजक्या सळईचा होता. अक्का हात जोडून रडत होत्या. जवळच्या बसस्टँडवर भाग्यरत्नं विकणारा गुंडो त्यांना अंगारा द्यायला आलेला, तोही तिथंच होता. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस? तीनशे वर्षांत आमच्या घरी असं घडलं नव्हतं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

लक्षात घ्या, हा मी कोण? आदल्याच वर्षी देशभर लोक गणपतीला दूध पाजत होते, तेव्हा कॅन्टीनमध्ये स्टीलचा चमचा हातात धरून पृष्ठताण समजावून सांगणारा मी. पुण्यात कॉलेजच्या स्टेजवर जळता कापूर जिभेवर ठेवून बाबाबुवांची टर उडवणारा मी. दुसऱ्यांच्या चमत्कारांवर तासभर भाषण ठोकत असे. स्वतःच्या चमत्काराबद्दल मात्र माझी दातखीळ बसली. शब्द मोडला हे कळेल, घर जाईल आणि साधा पाइप जोडता येत नाही म्हणून लोक हसतील, या सगळ्याची मला लाज वाटत होती. उद्या सांगू म्हणत दोन महिने काढले. गुरुवारी मशीन बंद ठेवावं तर लगेच संशय येईल, अशी पळवाट काढून मी ते चालूच ठेवलं.

खरी काळजी अक्कांची होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर वसुमतींनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, पण अक्कांना सुरीची भीती. गुंडोनं ती भीती बरोबर हेरली. "सुरी कशाला? तीर्थ घाला डोळ्यात. जळजळ होईल. ती पापं जळतात."

जळजळ होणारच होती. सिमेंटचा चुना आणि साबण होता त्यात.

"तू सांगतोस की मी सांगू?" स्मिता रोज विचारायची.

मी एक हुशारी केली. म्हटलं, कबुली न देताच भांडं फोडू. पुढच्या गुरुवारी मशीनमध्ये मूठभर नीळ टाकली. निळं पाणी पाहिलं की लोक वर बघतील, विचार करतील. खाली निळी धार लागली आणि गुंडोचा आवाज जिन्यावरून वर आला. "नीलवर्ण! दत्तानं कृष्णरूप धरलं!" त्या दिवशी रांग पार चौकापर्यंत गेली.

दुपारी गुंडो पाणी मागायच्या निमित्तानं वर आला. मागच्या खोलीत डोकावला. मशीन पाहिलं, फरशीवरचं नवं सिमेंट पाहिलं, निळे झालेले माझे हात पाहिले. मग शांतपणे पाणी प्याला.

"तुमचं चालू द्या साहेब, माझं चालू राहील," तो हसून म्हणाला. "फक्त गुरुवार चुकवू नका."

लबाडानं मला आपल्यात धरलं होतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

पुढच्या गुरुवारी मी मशीन बंद ठेवलं. दहा वाजले, साडेदहा वाजले, थेंब नाही. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर खाली गुंडो कडाडला, "महाराज रुसले! या घरात कुणीतरी देवापेक्षा डॉक्टरला मोठं मानलंय. कुणी घेतली आहे तारीख?"

अक्कांनी त्याच दिवशी ऑपरेशन रद्द केलं. गुंडोनं देवघरात ठाण मांडून अखंड जप सुरू केला आणि साठवलेल्या बाटलीतलं तीर्थ अक्कांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा पडू लागलं. मी हात राखून केलेला प्रत्येक उपाय त्या बाईच्या अंगावर उलटत होता.

रविवारी स्मिता खालून आली ती धावतच. "उजवा डोळा लालभडक झालाय. पू येतोय. अक्कांनी माझा हात चाचपून विचारलं, कोण आलंय म्हणून."

मी तसाच खाली गेलो. देवघरात जपाचा गलका होता. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, डोळ्यांवर पदर धरून.

"अक्का, ते तीर्थ नाही. ते माझ्या मशीनचं पाणी आहे."

"अय्यो, देवाचं पाणी तुझं कसं होईल रे?"

"वर चला. तुमच्या हातानं सोडा. ओळखू यावं म्हणून तुमच्याच घरातलं काहीतरी त्यात टाका. माझं काही नको."

त्यांनी उठून फळीवरचा हळदीचा डबा काढला आणि स्मिताचा हात धरून जिना चढल्या. मी मशीनमध्ये पाणी भरलं, पावडर टाकली. अक्कांनी हळद ओतली.

"लाल झालं, अक्का," स्मिता म्हणाली.

"होणारच. लुगड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की लालच होतो तो," अक्का सवयीनं बोलून गेल्या. आणि थांबल्या. साबण हा शब्द त्यांच्याच तोंडून आला होता. मी त्यांचा हात पाणी सोडायच्या बटणावर ठेवला. त्यांनी ते फिरवलं.

पाचेक मिनिटं गेली. मग खालून आरोळी उठली.

"आलं! आलं! लाल आलं!"

आणि त्यावर गुंडो, "रक्ताभिषेक! अक्कांच्या डोळ्यांचं दुखणं महाराजांनी स्वतःच्या अंगावर घेतलं! वाट्या पुढे करा!"

अक्का भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. लोकांनी वाट दिली.

"गुंडो," त्या म्हणाल्या, "माझ्या डब्यातली हळद आहे ती. मीच सोडली वरून."

वाट्या खाली आल्या. कुणीतरी थू थू करत अंगणात पळालं. मी अक्कांच्या मागून पुढे झालो आणि सगळं सांगितलं. वास पावडरचा, फेस साबणाचा, कुंकू गंजाचं, निळा कृष्ण निळीचा, आणि गुरुवार माझ्या सुट्टीचा. अण्णांनी काठी घेऊन छताला टोचलं तेव्हा ओला गिलावा भदकन खाली आला आणि आतली गंजकी सळई उघडी पडली.

गुंडो पिशवी आवरत होता. पण जाता जाता तो माझ्याकडे बोट करून ओरडला, "मला काय बोलता? याला विचारा! याला पहिल्यापासून ठाऊक होतं!"

दोन महिन्यांत तेवढं एकच खरं बोलला तो.

अक्कांनी आवाजाच्या दिशेनं चेहरा माझ्याकडे वळवला. "कधीपासून, अजित?"

"पहिल्या गुरुवारपासून."

अण्णांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ऑटो बोलवायला सांगितला.

डॉक्टर वसुमतींनी डोळा तपासला आणि कोणी काय घातलं ते विचारलं. मी सांगितलं. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली होती. ती भरली, पण पांढरा वण राहिला. आता त्या डोळ्याचं ऑपरेशन करूनही फारसं दिसणार नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी दिसलं असतं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र नीट झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी भेटायला गेलो. अक्कांनी एका डोळ्यानं मला नीट न्याहाळलं.

"गुंडोचा राग नाही मला," त्या म्हणाल्या. "लबाडी हा त्याचा धंदाच. पण तुला कळत होतं रे."

आम्ही ते घर सोडलं. त्याआधी फरशी पुन्हा फोडून पाइप काढला, छत दुरुस्त करून घेतलं. या वेळी प्लंबर बोलावला होता.

तुमच्या गावात, गल्लीत कुठं छतातून तीर्थ झिरपायला लागलं, तर हात जोडण्याआधी वरच्या मजल्यावर जा. तिथं काय आहे ते बघा, रंग टाकून बघा, शंका विचारा. शंका घेतल्यानं देव रुसत नाही, फक्त गुंडो रुसतो. डोळे दुखले तर डॉक्टरकडेच जा. आणि वरच्या मजल्यावर तुम्हीच राहत असाल, पाइप तुमचाच फुटला असेल, तर त्याच दिवशी खाली जाऊन सांगा. लाज वाटेल. वाटू दे.