नापासरावांनी पास केलेला डबा

कारखान्यात त्यांना सगळे नापासराव म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग येत नसे. उलट ती पदवीच आहे असं त्यांना वाटे. मोटारींच्या कारखान्यात ते तपासनीस होते. दाराची फट एका बाजूला केसभर जास्त दिसली, की नापास. सीटच्या शिवणीतला एक टाका तिरका गेला, की नापास. मोठे साहेब विनवण्या करत, गाड्या रांगेत खोळंबत, पण नापासराव तसूभर हलत नसत. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाना उरला नाही, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. भाजीचे तुकडे सारखे नाहीत, खिडकीचा पडदा डावीकडे लोंबतो, कुकरच्या शिट्टीत दम नाही. बायकोने कधीच हात टेकले होते. "तुम्हाला स्वर्गात नेलं, तरी तिथल्या ढगांना नावं ठेवाल," ती म्हणे.

आणि अशा माणसाच्या गाडीत तो डबा होता.

डबा म्हणजे गाडीत चालकाच्या समोर कारखान्यातूनच बसवून आलेला काचेचा पडदा, स्क्रीन. गाणी, रेडिओ, नकाशा, फोन, एसी, सगळी सत्ता त्याच्या हातात. गाडी सुरू केली की तो आधी स्वतः जागा व्हायचा, आणि त्याला जाग यायला एवढा वेळ लागायचा, की तोवर माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचलेला असे. मग एक सूचना झळके : "गाडी चालवताना पडद्याकडे पाहू नका. मान्य?" आता मान्य म्हणायचं तर पडद्याकडे बघूनच म्हणावं लागे. बोटाने दाबलं तर डब्याला कळत नसे. त्याला बोटाचं हाड लागे, दारावर टकटक करतात तसं. रेडिओ दाबला की एसी वाढे, एसी दाबला की नकाशा उघडे, आणि नकाशा दाबला की थोडा विचार करून रेडिओ लागे.

गाण्यांचं तर विचारूच नका. फोन जोडला की त्यातल्या यादीत जे पहिलं असेल तेच तो लावी, दुसरं काही ऐकून घ्यायला तयार नसे. बायकोच्या फोनमध्ये पहिली होती झोप येण्यासाठीची एक ध्वनिफीत. त्यामुळे भर चौकात, दोन्ही बाजूंनी ट्रक येत असताना, एक मुलायम आवाज सांगायचा, "आता डोळे मिटा. हातपाय सैल सोडा."

"सोडा हो सैल," बायको म्हणायची. "तुमच्या डब्याची इच्छा आहे."

"तुमच्या" हा शब्द आला की नापासराव उगाच हॉर्न वाजवायचे. त्याचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. तो डबा कारखान्यात त्यांनीच पास केला होता.

आणि कसा पास केला होता! उभी हयात दारांच्या फटी आणि स्क्रूंची डोकी बघण्यात गेलेली. एके दिवशी टेबलावर ती काळी काच आली. तिला बटण नाही, खटका नाही, कुठे सांधासुद्धा दिसेना. त्यांनी बोट टेकवलं आणि आतून निळा उजेड आला. नापासराव बघतच राहिले. खोट शोधायची असते हेच ते विसरले. बोट टेकवल्यापासून उजेड येईपर्यंत मधे बराच वेळ गेला होता, पण प्रेमात पडलेल्या माणसाला वेळेचं भान कुठलं? शेजारचा सहकारी म्हणाला, "साहेब, दुसऱ्यांदा बघायचा ना?" नापासराव म्हणाले, "गरज नाही." त्या दोन शब्दांवर त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत तो डबा बसला, आणि त्यातलीच एक गाडी त्यांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने घरी आणली.

पुढे जग बदललं. शेजाऱ्यांच्या गाड्या माणसासारख्या बोलू लागल्या. डबा मात्र होता तिथेच राहिला. लोक हसत, बायको हसे, नापासरावही कसनुसं हसत. पण मनात एकच धाकधूक असे : कुणीतरी एक दिवस विचारणार, "काय हो, हे पास कुणी केलं?" आणि मग ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवली, त्याने तोंड कुठे लपवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोने डब्याची हरतऱ्हेने टर उडवली होती, पण हा प्रश्न मात्र आजवर विचारला नव्हता. तिला सुचला नसेल, असं त्यांना वाटे. दुसऱ्या गावी नोकरी करणारी लेक फोनवरून डब्याच्या खोदून खोदून चौकशा करी, तेव्हा ते विषय हवापाण्यावर नेत.

आणि त्या लेकीलाच आणायला विमानतळावर जायची वेळ आली.

विमानतळ आता नव्या जागी हलला होता. रस्त्यावर हत्तीएवढ्या पाट्या होत्या : विमानतळ, उजवीकडे. डब्यातली बाई म्हणाली, "डावीकडे वळा."

"अहो, उजवीकडे," बायको म्हणाली.

"नकाशा डावीकडे म्हणतोय."

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

"पाटी कुणी लावली, कुणी तपासली, काही पत्ता आहे का?" नापासराव म्हणाले. "कुणीतरी उठला आणि खांबावर पत्रा ठोकला. हा नकाशा निदान तपासून घेतलेला आहे." आणि त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

वाटेत जुना पूल बंद करून शेजारी बांधलेला नवा पूल लागला. डब्याला तो ठाऊक नव्हता. पडद्यावर त्यांची गाडी सरळ नदीत शिरली आणि पोहू लागली. बाई घाबरीघुबरी झाली. "जमेल तिथून मागे वळा. जमेल तिथून मागे वळा." नदीच्या मधोमध कुठून वळणार? बायको हसून हसून लोळायची बाकी होती. नापासरावांनी मात्र दात ओठ खाऊन गाडी पुढे रेटली. पलीकडच्या तीरावर बाईच्या जिवात जीव आला, आणि थोड्या वेळाने ती विजयाने म्हणाली, "तुम्ही पोहोचला आहात."

समोर जुन्या विमानतळाचं गंजकं फाटक होतं. आत रिकामी पिंपं रचलेली होती. पहारेकरी खुर्ची सोडून काचेपाशी आला.

"विमानतळ?" त्याने विचारलं.

नापासरावांनी मान हलवली.

"हीच गाडी असणार," पहारेकरी डब्याकडे वाकून बघत म्हणाला. "या मॉडेलचे लोक येतात अधूनमधून. मागे वळवायला तिकडे जागा ठेवली आहे तुमच्यासाठी."

ते घरी पोचले तेव्हा लेक टॅक्सीने येऊन, हातपाय धुऊन चहा पीत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बस झालं. तुमच्या गाडीत मी नवा पडदा बसवून देणार. माझ्याकडून भेट. उद्याच."

"चांगला चालतोय की," नापासराव म्हणाले.

"नदीत चालतोय, बाबा."

लेकीच्या भेटीला नाही कसं म्हणायचं? नापासरावांना त्या रात्री झोप आली नाही. डबा जाईल याचं दुःख होतंच, कारण आपला तो बाब्या. पण खरी भीती दुकानाची होती. तिथे जाणकार माणूस भेटणार, तो डबा उघडणार, आणि जो प्रश्न घरात इतकी वर्षं टळला तो तिथे टळणार नाही. तेसुद्धा लेकीसमोर. लेकीचे शाळेतले निबंधसुद्धा त्यांनी तपासून परत पाठवलेले होते.

दुसऱ्या दिवशी तिघं गाडीच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथला फिटर बोलका होता. त्याने पुढची पट्टी उचकटली, चार स्क्रू काढले आणि डबा ओढला. तो येईना. पुन्हा ओढला. शेवटी डबा तारांच्या गुंत्यासकट बाहेर येऊन लोंबकळू लागला, आणि त्याबरोबर एसी बंद पडला, आतला दिवा लागला आणि मुलायम आवाज म्हणाला, "आता डोळे मिटा."

फिटरने कपाळाला हात लावला. "आई शप्पथ! रेडिओ यात, एसी यात, सगळं एकाच डब्यात कोंबलंय. म्हणजे हा मेला की सगळ्यांनी सती जायचं. आणि नवीन बसवायचा तर मागे बोटभर जागा सोडलेली नाही." त्याने डबा उलटा करून पाहिला. "मला एक सांगा, कुठल्या गाढवाने हे पास केलं असेल?"

झालं. नापासरावांच्या कानात गरम वाफ शिरली. लेक हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तर तिथेच होतात. कुणी केलं हो?"

समितीने केलं म्हणावं, साहेबांनी केलं म्हणावं, वरून हुकूम आला म्हणावं, सगळं नापासरावांच्या ओठांपर्यंत आलं. पण दुसऱ्याच्या माथी खोट मारणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ज्याची त्याच्याच नावावर लिहायची, हाच त्यांचा धंदा.

"मी केलं," ते म्हणाले.

फिटरने जीभ चावली. लेकीचं हसू जागच्या जागी थांबलं. आणि एवढ्यात पर्स काखोटीला मारून बायको पुढे आली.

"ऐकलंत ना?" ती फिटरला म्हणाली. "ते गाढव आमच्या घरचं आहे. त्याला बोलायचं तर मी बोलेन, तुम्ही नाही. एसी चालू राहील असा दुसरा बसवा, आणि पट्टीवर ओरखडा आला तर याद राखा. आमचे हे केसभर फटसुद्धा सोडत नाहीत."

फिटर मुकाट्याने कामाला लागला. लेक नवे पडदे बघायला आत गेली. नापासराव दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना हलकं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती. बायको शेजारी येऊन बसली.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी कामावरून आलात, जेवलात, आणि कशालाच नाव ठेवलं नाहीत. मी घाबरले. तुमच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे की काय म्हणून. मग तुम्ही हातवारे करून ती काच कशी उजळते ते सांगत बसलात. न कळायला मी काय दुधखुळी आहे?"

"मग इतकी वर्षं त्या डब्याला एवढं बोललीस, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस?"

बायकोने पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"अहो, जन्मात पहिल्या नजरेत तुम्ही दोनच गोष्टी पास केल्यात. एक तो डबा आणि दुसरी मी. त्याची फेरतपासणी निघाली असती, तर माझीही निघाली असती. मी कशाला विषाची परीक्षा बघू?"