फॉलचा दोरा

"हे पोपटी नेसून येशील तू रामपायलीले? दादाले जाऊन चार महिने नाही झाले, वहिनी!"

मंजूआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिच्या मुलाच्या, मोहितच्या साखरपुड्याचं बोलावणं घेऊन, आईला सोबत न्यायला रामपायलीहून बालाघाटला आली होती. आई मांडीवरच्या सुती साडीच्या घड्या उलगडत राहिली.

"पोपटी कुठं नेसते मी? वल्लरी काळी करून देईल. या भडक पोपटीवर काळाच तेवढा चढते."

"आई, आहे तशीच नेस ना," मी म्हटलं. "कोणाले काय करायचं आहे?"

"तुले सोपं आहे बोलायले. तू परवा नागपूरले जाशील. मले इथंच राहायचं आहे."

"मंग दुसरी नेस," आत्या म्हणाली. "साड्यायचा काय दुष्काळ पडला?"

"मले हेच नेसायची आहे." आईचा आवाज खाली आला. "केवढ्या हौसेनं रंगवली होती ह्यायनं. मी म्हटलं, भडक आहे, या वयात शोभत नाही. दर सणाले विचारत, 'आज काढते का पोपटी?' मंग विचारनंच सोडलं."



बाबांचा रंगाईचा धंदा घरामागच्या पडवीत होता. त्यांचे रंग सुतावर बसणारे. पॉलिस्टरची साडी कुणी आणली की ते हात जोडत, "बाई, माझा रंग हिले ओळखत नाही." ही साडी मुळात फिकट होती. आईनं हाताशी होता त्या पोपटी दोऱ्यानं तिला फॉल लावला, आणि टाके उठून दिसायला लागले. दोरा पॉलिस्टरचा. "हा जावयासारखा मानी," बाबा हसले होते, "हा काही बदलत नाही. आपणच याच्या रंगाचं व्हावं." त्यांनी अख्खी साडी दोऱ्याच्या रंगाची केली.

मी पाण्यात मीठ आणि काळा रंग विरघळवला, साडी बुडवली. राहिला रंग पक्का करणारा सोडा. सोडा पडेपर्यंत रंग बराचसा धुऊन निघतो, नंतर नाही. वाटी हातात धरून मी आईकडे पाहिलं.

"अजून काढता येते, आई."

ती पातेल्यातल्या साडीकडे बघत होती. एक हात तिनं पुढं केला, मग पदरात गुंडाळून घेतला.

"टाक," ती म्हणाली.

संध्याकाळी साडी दोरीवर वाळली. कोळशासारखी काळी, कापड तिरपं धरलं तर किंचित हिरवट. फक्त खालच्या काठाशी एक ओळ तशीच राहिली होती. बारीक, पोपटी टाके.

"अवो, हे काहून राह्यले?" आत्या जवळ आली. "उसव ते. काळ्या दोऱ्यानं लावून दे."

"राहू दे, मंजू," आई म्हणाली. "पायाशी कोण पाहते?"

दुसऱ्या दिवशी, साखरपुड्याच्या सकाळी, आई ती साडी नेसून खोलीतून बाहेर आली. बाहेर ऑटो उभा होता, आत्या हाका मारत होती, "चाल वो वहिनी, मोहितच्या लग्नालेच पोचशील तू!"

बाबांच्या फोटोपाशी आई थांबली. निऱ्या सारख्या करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. काठाचा एक टाका अंगठ्याखाली धरून ती अगदी हळू म्हणाली,

"आज काढली."