उलट्या ग्लासातलं पाणी

इंटरव्ह्यू देऊन देऊन मी इतकी तयार झाले होते, की शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताच जागा कुणाला ठरलीय ते मला कळायचं. ठरलेला उमेदवार ओळखायला अगदी सोपा. तो फाइल चाळत बसत नाही. त्याला घाम येत नाही. शिपाई चहा आधी त्याला देतो आणि तो शिपायाला नावानं हाक मारतो. त्या दिवशीचा ठरलेला उमेदवार चिंचेखाली एम-एटी गाडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. मला बघून त्यानं मूठभर शेंगा पुढं केल्या, त्या मी घेतल्याही. पहाटे दौंडहून निघून दोन एसट्या बदलल्या होत्या, पोटात कावळे ओरडत होते.

"विश्वजीत," तो म्हणाला. "संस्थेचे अध्यक्ष आमचे मामा."

"वाटलंच," मी म्हणाले.

साल अठ्ठ्याण्णव, ऑगस्ट महिना. शाळा वडगाव रासाईच्या अलीकडच्या एका वाडीवरची. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या, तेवढ्यापुरती जागा. मी फरहत तांबोळी, बी.एस्सी., बी.एड. भीमेच्या अलीकडचा दौंड तालुका आणि पलीकडचा शिरूर तालुका, दोन्हींतल्या शाळा मी पालथ्या घातल्या होत्या. सगळीकडं एकच अट, अनुभव हवा. पहिला अनुभव कुठं मिळतो, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत छापलेलं नसायचं. याचा मला भयंकर राग यायचा. रजेची का होईना, एक जागा मिळाली तर पुढच्या दारात तरी उभं करतील, एवढंच माझं गणित होतं.

आणि ही शेवटचीच खेप होती. माझा थोरला भाऊ शाकीर सणसवाडीला कंपनीत होता, बायकोमुलांसह तिथंच खोली घेऊन राहायचा. त्यानं शेजारच्या बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला माझी वर्णी लावून ठेवली होती. "ये आखरी, फरहत," त्यानं सांगितलं होतं. "सोमवार से काम पे." अब्बा काही बोलले नव्हते. अब्बा बोलत नाहीत तेव्हा त्यांचं शाकीरसारखंच मत असतं.

बोलावण्याच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, सातवीच्या वर्गावर 'हवेचा दाब' हा पाठ घ्यावा. दुसरी, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड सोबत आणावं, म्हणजे निकाल कळवता येईल. असली पोस्टकार्डं मी इतक्या शाळांत देऊन आले होते, की माझ्या हस्ताक्षराचं एक प्रदर्शन भरलं असतं. परत एकही आलं नव्हतं.

मी शेवटची होते. माझ्याआधी आठ जण आत जाऊन आले. व्हरांड्यातून वर्ग दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. दर थोड्या वेळानं पोरं एका सुरात ओरडायची, "हवेचा दाब!" मग टाळ्या. मग बाहेर येणारा उमेदवार रिकामा ग्लास पुसत यायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्याही पिशवीत ग्लासच होता.

बी.एड.ला आम्हा सगळ्यांना हाच प्रयोग शिकवलेला, आणि दौंडात आमच्या गल्लीतल्या पोरांपुढं मी तो कितीदा तरी करून दाखवला होता. ग्लास काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करून हात काढायचा. पुठ्ठा चिकटून राहतो, पाणी पडत नाही. का? कारण खालून हवा पुठ्ठ्याला दाबून धरते. नऊ उमेदवार, नऊ ग्लास आणि एकच वर्ग. वेगवेगळे वर्ग द्यावेत एवढं संस्थेच्या कुणाला सुचलं नव्हतं.

मी आत गेले तेव्हा फरशीवर पाण्याचं तळं होतं. पहिल्या बाकावरची मुलं पाय वर घेऊन बसली होती. हेडसरांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, कुणाचा तरी पुठ्ठा निसटला असणार. दोन संचालक डुलक्या काढत होते. अध्यक्ष पोपटराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणत होते, ते तेवढे ताठ बसले होते. पांढरं धोतर, टोपी, आणि नजर एकटक माझ्या पिशवीवर.

मी पिशवीत हात घातला आणि सटपटले. पाण्याची बाटली एसटीत गळली होती. वहीच्या मागचा पुठ्ठा, जो मी जपून कापून आणला होता, त्याचा लगदा झाला होता. पर्समध्ये कोरडं असं एकच कार्ड होतं. माझा पत्ता लिहिलेलं. मी तेच काढलं.

"हवेचा दाब!" मी तोंड उघडायच्या आत वर्ग ओरडला.

मला हसू आलं. खरंच आलं. इतक्या दिवसांचा ताण होता, तो त्या हसण्यात निघून गेला. मी म्हणाले, "तुम्हाला सगळं येतंय. मग मी काय शिकवू? आठ वेळा बघितलंत, कुणाला एखादी शंका आली का?"

मग खिडकीजवळ एक मुलगी अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"बोल की. नाव काय तुझं?"

"तुळजा." ती हेडसरांकडं बघत म्हणाली, "मी मगाशी इचारलं, तर खाली बस म्हणले. समद्यांनीच म्हणले."

"मी नाही म्हणणार. विचार."

"बाई, पुठ्ठा हाय तवर पानी पडत न्हाई. मगा त्या सरांचा पुठ्ठा निसटला आन् सारं पानी हेडसरांच्या अंगावर. पन हवा तर तीच हाय ना? तेवढीच दाबती ना? मग पुठ्ठा काढल्यावर का सोडून देती?"

मला उत्तर येत नव्हतं. तीन वर्षं बी.एस्सी., एक वर्ष बी.एड., आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. हेडसर घड्याळ बघायला लागले. समोर अध्यक्ष. काहीतरी ठोकून द्यावं, 'तो पुढच्या वर्षीचा भाग आहे' म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण प्रश्न इतका चांगला होता, की मला त्याच्याशी खोटं बोलवेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "बघू या."

डुलकी घेणारा एक संचालक जागा झाला.

"पुठ्ठा नसला की पडतं. मग पुठ्ठ्याऐवजी दुसरं काही लावलं तर? भोकं असलेलं काही? ज्यातून पाणी गळायलाच हवं असं?"

"कापड!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी माझी सुती ओढणी घेतली. कोपऱ्यातल्या बादलीतून ग्लास भरला, तोंडावर ओढणी ताणून घट्ट धरली, वरून पोस्टकार्ड ठेवलं आणि ग्लास उलटा केला. मग कार्ड हळूच काढून घेतलं. काय होईल ते मलाही ठाऊक नव्हतं.

चार-दोन थेंब पडले. बाकी पाणी ओढणीवर तसंच थांबलं.

मग जो गलका झाला! पोरं बाकांवर चढली. तुळजा पुढं आली आणि खालून ओढणीला बोट लावून बघू लागली. एवढ्यात आप्पा उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलगडून मोकळी केली आणि माझ्यापुढं धरली.

"हिला लावून बगा," ते म्हणाले. "ही जाड हाय."

टोपीनंही पाणी धरलं. तालुक्यात वजन असलेला तो माणूस टक्कल उघडं टाकून ग्लासाखाली वाकून बघत होता. हेडसरांना हसावं की रागवावं ते कळेना. माझी वेळ कधीच संपली होती.

निघताना क्लार्कनं कार्ड मागितलं. ते माझ्या हातात होतं, भिजून मऊ झालेलं. मी शाईच्या पेनानं पत्ता लिहिला होता आणि सगळी निळाई पसरली होती. त्यानं ते दोन बोटांत धरून खिडकीच्या गजाला वाळत टाकलं. "कळवू," तो म्हणाला.

कळवू म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. एसटीत खिडकीशी बसल्यावर मात्र जरा हसूही आलं आणि मग रडू. नोकरी ज्या कार्डावरून यायची, तेच मी ग्लासावर लावलं होतं. फरहत, तुझ्यासारखी शहाणी तूच.

सोमवारी मी सणसवाडीला शाकीरकडं राहायला गेले आणि कामाला लागले. डोक्याला जाळीची टोपी, अंगात निळा एप्रन, समोर पट्ट्यावरून येणारी बिस्किटं. काम कठीण नव्हतं. बरोबरच्या बायका बिहारच्या, नगरच्या, बोलायला चांगल्या. शाकीर खूश होता. मी खूश नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मी नळावर उभी राहून ग्लासावर हात ठेवायची, उलटा करायची, हात काढायची. पाणी पडायचं. मी परत भरायची. चहाची गाळणी लावायची, पाणी थांबायचं. बायकांना वाटलं, पोरीला कुणी काहीतरी केलंय.

तिसऱ्या आठवड्यात वॉचमननं आत येऊन माझं नाव पुकारलं. गेटवर कुणी म्हातारे आलेत, म्हणे.

गेटबाहेर जीप उभी होती आणि तिला टेकून पोपटआप्पा. धोतराला धूळ लागलेली. त्यांनी आधी खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. निळा डाग आणि त्याच्या कडेला दोन शब्द वाचता येत होते. फरहत. दौंड.

"एवढंच ऱ्हायलं हुतं, अर्ज तर क्लार्कनं कवाच रद्दीत घातल्यालं," ते म्हणाले. "दौंडात जाऊन इचारत बसलो. फरहत लई निघाल्या. एक टेलरची, एक तर आज्जीच निघाली. मग म्हनलं, ग्लास उलटा धरती ती कोन? तवा तुमच्या गल्लीतली पोरं म्हनली, ती तांबोळींची. तुमच्या घरी हितला पत्ता घावला."

आजवर सगळ्यांनी 'कळवू' म्हटलं होतं. हा पहिला माणूस खरंच कळवायला आला होता.

"जागा भाच्याला ठरली हुती, तुमास्नी ठाऊक हुतं?"

"हो. त्यांनी शेंगा दिल्या तेव्हाच."

आप्पा गालात हसले. "विश्वजीतचा इषय खरा इतिहास. ते मी तवा नजरेआड केलं, खोटं कशाला बोलू. पन ती तुळजा हाय न्हवं, ती त्याला रोज उठून त्योच सवाल करती. आता समदा वर्ग करतोय. चार दिस त्यानं खाली बसवली. पाचव्या दिशी म्हनला, मामा, म्या न्हाई जायाचा. घरात माझं बी तेच. माझ्या मंडळीनं समद्या चाळण्या लपवून ठिवल्यात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "उत्तर सापडलं का वो?"

"थोडं," मी म्हणाले. "तोंड मोकळं असलं की एका बाजूनं पाणी खाली येतं आणि दुसऱ्या बाजूनं हवा वर घुसते. बारक्या भोकात दोघांना एकदम शिरता येत नसावं, म्हणून अडतं. असं मला वाटतं. पण भोक किती मोठं झालं की पाणी सुटतं, ते अजून कळलं नाही."

"मग चला की. पोरं वाट बघत्यात."

मी मागं वळून बघितलं. आत पट्टा चालू होता. इथलं काम कायमचं होतं, दर महिन्याचं. शाकीर चिडणार, हे तर ठरलेलंच. अब्बा गप्प बसणार, ते त्याहून वाईट.

"बाईंची रजा कधी संपते?" मी विचारलं.

"दिवाळी झाली की."

"आणि दिवाळीनंतर माझं काय?"

आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. गोड काहीतरी बोलून माझी बोळवण करणं त्यांना सहज जमलं असतं, राजकारणात मुरलेला माणूस तो.

"मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "बगू या."

एवढ्या शाळांत मला एवढं खरं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी आत जाऊन एप्रन उतरवला, सुपरवायझरला सांगितलं आणि बाहेर येऊन जीपमध्ये बसले. मग आठवलं, जाळीची टोपी डोक्यावरच राहिली होती. आप्पा तिच्याकडंच बघत होते.

"हिची भोकं चाळणीपरास मोठी हायती," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले आणि टोपी काढून पिशवीत ठेवली.