कमिटीच्या चपला

निपाणीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंची जागा निघाली, तेव्हा जयाची बेबी नुकती रांगायला लागली होती. नवरा संकेश्वरला साखर कारखान्यात, हाताशी बी.ए., बी.एड.ची पदवी, आणि जीव सगळा पोरीत. नोकरी तिला मनापासून हवी होती. पण पोर जरा नजरेआड झालं, की आता हिनं काहीतरी तोंडात घातलं असणार, असं तिला हमखास वाटायचं. आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

शाळेची रीत अशी, की नुसत्या मुलाखतीवर नेमणूक नाही. नववीच्या वर्गावर धडा घ्यायचा, कमिटीनं मागच्या बाकांवर बसून तो ऐकायचा आणि मग मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन काय ते ठरवायचं. जया बेबीला, आणि तिला सांभाळायला सासूला, सोनुबाईंना, बरोबर घेऊनच आली.

"आत्या, दारातनं हलू नका हं. ती खडे खाते."

"व्हय गं. मी काय पोरं वाढवली न्हाईत? तुझा नवरा आख्खं अंगण खाऊन मोठा झालाय."

तेवढ्यात कमिटी आली. पुढं चेअरमन आण्णाप्पा, तंबाखूचे व्यापारी, मागून बाकीचे. सगळ्यांच्या पायांत सारख्याच करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला. आण्णाप्पांनी लेकीच्या लग्नात मानाच्या माणसांना फेट्याबरोबर चपलांचाही आहेर केला होता, एकाच कारागिराकडून करवून घेतलेला. आता चेअरमननी दिलेल्या चपला कमिटीच्या दिवशी घालायच्या नाहीत तर कधी? वर्गाच्या दाराशी त्यांची झकास रांग लागली.

आत शिरता शिरता मारुतीरावांनी बेबीकडं पाहिलं, मग जयाकडं. कमिटीत हेच एक गृहस्थ कडक, असं तिला मोठ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं.

"लेकरू तुमचं?"

"होय."

"मग बाई, लक्ष वर्गात लागंल का वरांड्यात?"

जयानं बेबीच्या मुठीतला खडा काढून घेतला. मारुतीराव मान हलवत आत गेले.

धड्याचा विषय मोठ्या बाईंनी दिलेला: कमिटी, टीम, फॅमिली असे समूहाचे शब्द, आणि त्यांच्यामागं 'इट्स' कधी अन् 'देअर' कधी. जयानं फळ्यावर लिहिलं तोवर बाहेर बेबीनं गळा काढला. खडूचं टोक मोडलं. तिनं नवा खडू घेतला.

"टीम म्हणजे एक का अनेक?"

"एक, बाई," पुढची यल्लव्वा म्हणाली. "टीम एकच की."

"पण खेळणाऱ्या पोरी?"

"त्या लई."

"मग?"

यल्लव्वा बोटं मोजायला लागली. आणि त्याच क्षणी बाहेरचं रडणं एकदम थांबलं. रडणारं मूल निदान श्वास घेत असतं, गप्प मुलाचा काय भरवसा? दार चार पावलांवर होतं. मागच्या बाकावरून मारुतीराव तिच्याकडंच बघत होते. बाहेर काहीतरी करकरलं.

तिनं दाराकडं एकदा पाहिलं आणि तोंड वर्गाकडं फिरवलं.

"असं बघा. लेझीमच्या टीमनं बक्षीस मिळवलं. ते बक्षीस कुणाचं?"

"आपलं."

"आणि खेळ संपल्यावर टीममधल्या पोरी घरी गेल्या. कुठल्या घरी?"

"आपापल्या," सगळ्या म्हणाल्या.

"झालं. सगळे मिळून एक झाले, की आपलं, तिथं इट्स. ज्याचं त्याचं निराळं झालं, की आपापलं, तिथं देअर."

यल्लव्वाचा चेहरा उजळला. आण्णाप्पा शेजारच्याला हळूच म्हणाले, "आम्हाला हे कुणी असं सांगितलंच न्हाय की."

घंटा झाली. कमिटी उठून दाराशी आली आणि थबकली.

रांगेचा पत्ता नव्हता. वरांडाभर चपला विखुरल्या होत्या, काही उताण्या, काही पालथ्या, आणि मधोमध बेबी बसली होती. तोंडात एका चपलेचा पट्टा.

"काय करू गं," सोनुबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी रडाय लागली. म्हटलं, तुझा धडा मोडंल. चपला दिल्या तशी गप झाली."

कमिटीनं पाय घालून बघायला सुरुवात केली.

"ही माझी न्हवं, अंगठा शिरंना."

"अहो, दोन्ही डाव्याच आल्या की माझ्या वाट्याला."

"आण्णाप्पा, पुढल्या लेकीच्या लग्नात नावं घालून द्या."

जयाला कुठं बघावं कळेना. खिडकीत नववीच्या पोरी दाटल्या होत्या. यल्लव्वानं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि पुटपुटली, "द कमिटी आर लुकिंग फॉर देअर चपल्स."

एका पायावर उभे असलेले मारुतीराव वळले. "कोण बोललं?"

यल्लव्वा उभी राहिली. "मी. आपापल्या हुडकत्यात न्हवं, म्हणून."

मारुतीरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग जयाकडं.

"बाई, खरं सांगा. मधी लक्ष वरांड्यात गेलतं का न्हाय?"

"गेलतं," जया म्हणाली. "ती गप्प झाली तेव्हा."

"मला दिसलं. आणि धडा?"

"तो सोडला नाही."

मारुतीराव पायरीवर बसले. बेबीच्या तोंडातला पट्टा त्यांच्याच चपलेचा होता. त्यांनी हळूच ओढून पाहिला. बेबीनं नवा दात रोवला.

"तुम्ही जाऊन ठरवून या," ते बाकीच्यांना म्हणाले. "माझं व्हय म्हणून सांगा. ही सोडंस्तवर मला काय उठता येत न्हाय."

आण्णाप्पा हसत निघाले, एक चप्पल स्वतःची, दुसरी कुणाची तरी. फार वेळ लागला नाही. परत येऊन ते जयाला म्हणाले, "सोमवारी या. आणि कमिटीच्या दिवशी पोरीला घरी ठेवा."

"का म्हणून?" मारुतीराव पायरीवरून म्हणाले. पट्टा एव्हाना सुटला होता, पण ते उठले नव्हते.

परतीच्या बसमध्ये बेबी जयाच्या खांद्यावर झोपली. तोंडाला अजून कातड्याचा वास येत होता. जयानं पदरानं ते तीनतीनदा पुसलं.

सोनुबाईंनी पाय वर घेतले. "झालं न्हवं आपलं काम?"

"झालं," जया म्हणाली. "आपलंच." आणि बेबीच्या मुठीत काय आहे ते बघायला तिनं एकेक बोट सोडवायला घेतलं.