शिलाई माझी, लेबल त्यांचे

मित्रांनो, मी एक जुने, दोन पंख्यांचे छोटे विमान आहे. सध्या धावपट्टीच्या कडेला गवतात उभा असतो. उजव्या पंख्यामागच्या पोकळीत साळुंक्यांनी बिऱ्हाड थाटले आहे.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझा काय तोरा होता! आमच्या छोट्या गावातून मोठ्या विमानतळावर रोज जाऊन यायचे, हे माझे काम. पण निम्म्या खुर्च्या रिकाम्याच राहत. पुढे दूरदेशी जायचे तर लोकांना दुसरे तिकीट काढावे लागे, सामान उतरवून पुन्हा चढवावे लागे. एवढी यातायात कोण करणार? माझी फेरी बंद करायची बोलणी सुरू झाली.

तेवढ्यात आमच्या कंपनीने एका बड्या कंपनीशी करार केला. त्याला कोडशेअर म्हणतात. उडायचे मीच, पण माझ्या खुर्च्या तीही आपल्या नावाने, आपला क्रमांक लावून विकणार. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! मला भारी राग आला. पण खुर्च्या भरू लागल्या. एकाच तिकिटावर माणूस दूरदेशी जाई, सामानही थेट तिकडेच निघे. बड्या कंपनीला विमान न पाठवता आमचे गाव मिळाले, आम्हाला तिची गिऱ्हाइके मिळाली आणि माझी फेरी वाचली. तरी मनातली अढी काही गेली नव्हती.

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. दूरदेशी लेकीचे पहिलेच बाळंतपण, जवळ दुसरे कोणी नाही. पण माझ्यावरचे नाव पाहून त्या शिडीच्या पायथ्याशी अडून बसल्या.

"मी नाही चढायची! तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, आणि हे भलतंच विमान. मला कुठेतरी नेऊन सोडाल."

मागचा एक प्रवासी हसला. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!"

ते मला फार लागले.

"मावशी, हेच तुमचं विमान," हवाई सेविका काकुळतीने म्हणाली. "हे चुकलं तर पुढचं मोठं विमानही चुकेल. लेक वाट बघत असेल ना?"

"मला शेंडी लावू नकोस."

सेविकेचे लक्ष मावशींच्या पिशवीतून डोकावणाऱ्या झबल्याकडे गेले. "किती सुरेख! कुठून घेतलंत?"

"घेतलं कशाला? मीच शिवलंय. चौकातल्या मोठ्या दुकानातली झबलीसुद्धा मीच शिवते."

"त्यावर लेबल कुणाचं?"

"दुकानाचं. पण शिलाई माझीच हो!" मावशी थबकल्या. माझ्याकडे वर पाहत म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे हेही माझ्यासारखंच की!" आणि पदर खोचून शिडी चढल्या. त्या दिवशी माझी अढी सुटली.

महिन्याभराने मावशी परतल्या, त्याही माझ्यातूनच. नातीचे कौतुक सगळ्यांना सांगून झाले. मग समोरच्या खुर्चीचे उसवलेले आवरण त्यांच्या नजरेला पडले. पिशवीतून सुई काढून त्यांनी ते गुपचूप शिवून टाकले.

मित्रांनो, पुढे माझ्याहून मोठी विमाने आली आणि मला इथे आणून उभे केले. माझी एकच विनंती आहे. प्रवासात समोरच्या खुर्चीला लाथा मारू नका, तिचे कापड ओरबाडू नका. आणि तिकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत कधी कधी प्रत्यक्ष उडणाऱ्याचे नाव असते, तेही वाचत जा.

माझा रंग उडाला, विमानतळाच्या फलकावरून माझे दोन्ही क्रमांक पुसले गेले. मावशींची शिवण मात्र अजून उसवलेली नाही. तिच्यावर कुणाचेच लेबल नाही, पण शिलाई कुणाची ते मला ठाऊक आहे.