निपाणीच्या लग्नाचे दोन दिवस

कापसाचा बोळा शेंगदाण्याएवढा, मधोमध रक्ताचा एक ठिपका — दानेश्वरीनं तो शांभवीच्या दंडावर धरून ठेवला होता, सिस्टरनं सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ. नऊ महिन्यांची पोर रडून दमली होती, आता नुसते हुंदके. गोवराची सुई. कळंब्याच्या याच अंगणवाडीत सहा वर्षांपूर्वी थोरल्याला, शिवांशला, आणायचं होतं... आणलं नाही.

"अर्धा तास बसा हं वहिनी," गावची आशासेविका पूर्णिमा म्हणाली.

शेजारी सासू, रत्नव्वा. आज सकाळी तिनंच नातीला अंघोळ घातली, टोपडं बांधलं आणि दारात चपला घालून उभी राहिली. आज भांडायचंच, असं दानेश्वरीनं ठरवलं होतं. चार वर्षं मनात जुळवलेली वाक्यं — आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही.

तेव्हा असं नव्हतं. जावेच्या मुलाला सुईनंतर ताप चढला, झटका आला. चार दिवसांत तो बराही झाला, पण घरात ठरून गेलं. अत्ती — सासूला ती अत्तीच म्हणायची — म्हणाली, "आमच्या पोराला न्हाय टोचायचं." चुलतसासऱ्यांनी मान हलवली, गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरचे ताप सांगितले, आणि कागलच्या कारखान्यातून आलेला नवरा, मल्लेश, ताटावरून मान न उचलता एवढंच म्हणाला, "आई म्हणती तसं करू की." मग शिवांश अडीच वर्षांचा असताना अंगावर पुरळ... मग छातीत कफ... दवाखान्यात त्याच्या श्वासाचा तो आवाज — नको, तो आवाज नको. अकराव्या दिवशी त्याला घरी आणलं ते चादरीत.

त्यानंतर अत्तीनं भाकरी वाढली तरी तिच्या तोंडाकडे दानेश्वरीनं बघितलं नाही. त्या रागावरच ती सकाळी उठत होती, पाणी भरत होती. त्या रागावरच दुसरं बाळंतपण निभावलं.

सिस्टर नवी होती. वही चाळताना तिनं सहज विचारलं, "पहिल्या बाळाची गोवराची राहिली होती का? का बरं?"

पूर्णिमानं तिला डोळ्यांनी गप्प करायला बघितलं, पण रत्नव्वा बोलून गेली होती. "मी नगं म्हटलं. माझ्यामुळं ऱ्हायली. ह्या पोरीची काय चूक न्हाय, माझ्या शब्दाबाहेर ती जात न्हवती." कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा, तसं.

एवढंच तर ऐकायचं होतं चार वर्षं. मग हे आत काय खचत चाललंय —

निपाणी. तेव्हा अत्ती लग्नाला निपाणीला गेली होती, दोन दिवस. मल्लेश पाळीवर. पूर्णिमा दारात आली, हळूच म्हणाली, "वहिनी, आज कोण न्हाय. चला पटकन, कुणाला कळायचं बी न्हाय." शिवांश कडेवर, माझी वेणी ओढत होता. आणि मी म्हणाले, "अत्तींना विचारून सांगते." दार लावलं तेव्हा छातीतून जो श्वास सुटला... तो सुटकेचा होता. जावेच्या मुलाचे फिरलेले डोळे मी पाहिले होते. भीती माझीच होती. नको म्हणायला अत्तीचं तोंड होतं, म्हणून मला माझं उघडावं लागलं नाही.

तिनं पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमानं नजर वहीत घातली. म्हणजे तिला आठवत होतं. सहा वर्षं आठवत होतं, आणि ती कुणाला बोलली नव्हती.

"अत्ती..."

"काय गं?"

"काही नाही. जाऊया?"

रत्नव्वानं पोरीला खांद्यावर घेतलं. तळ्याच्या बाजूनं जाताना ती दोनदा थांबली, दम लागत होता, पण पोर दिली नाही. "आज ताप यील हिला," ती पुढं बघतच म्हणाली. "आला तर मला उठीव. एकटी बसून ऱ्हाऊ नगंस, मागल्यागत."

मागल्यागत. दवाखान्यात मी एकटी बसले होते, कारण अत्तीला मीच खोलीत येऊ दिलं नव्हतं... ती बाहेर फरशीवर बसून होती, अकरा दिवस. हेही आत्ताच आठवावं.

निपाणीचं सांगायला हवं होतं, आत्ता, या रस्त्यावर. पण सांगितलं तर ही बाई काय करेल? रडेल, ओरडेल — की नुसतं 'व्हय का' म्हणून चालत राहील, तेच सोसणार नाही. सवयीनं दानेश्वरीनं राग चाचपला. तो कुठंच नव्हता. समोर फक्त एक म्हातारी पाठ, तिच्या खांद्यावर झोपी गेलेली पोर. आणि दोन पावलं मागं मी, शिवांश गेल्यापासून पहिल्यांदाच अगदी एकटी.